वाचक विचारतात : नाताळचं ताट, उपवासापासून मेजवानीपर्यंत

प्रश्न : जर्मन श्टोलन, म्हणजे नाताळचा सुक्या मेव्याचा गोड पाव, दोनदा करून पाहिला. दोन्ही वेळा फुगला नाही, आतून करडा दिसला आणि खाताना कोरडा लागला. यीस्ट खराब असेल का? (नाशिक)

यीस्टवर आळ घेऊ नका. श्टोलन साध्या पावासारखा फुगतच नाही. त्यात मैद्याच्या निम्मं लोणी असतं आणि एवढ्या स्निग्धांशात यीस्ट सुस्तावतं. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराच्या श्टोलनचं किमान प्रमाण ठरलेलं आहे : १०० भाग मैद्याला ५० भाग लोणी, ६५ बेदाणे, २० संत्र्या-लिंबाची पाकवलेली साल आणि १५ बदाम. घरच्यासाठी अर्धा किलो मैदा, २५० ग्रॅम बिनमिठाचं बटर, ३२५ ग्रॅम बेदाणे, १०० ग्रॅम साल, ७५ ग्रॅम बदामाचे काप घ्या. शिवाय ७५ ग्रॅम साखर, १५० मिली दूध, १० ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, एक चमचा मीठ, थोडी वेलची आणि जायपत्री. बेदाणे तासगावचे उत्तम.

बेदाणे आदल्या रात्री रममध्ये भिजत घाला. संत्र्याचा रसही चालतो, मात्र तो श्टोलन फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवावा लागतो. कोमट दुधात यीस्ट आणि १५० ग्रॅम मैदा कालवून अर्धा तास ठेवा. बुडबुडे आले की उरलेला मैदा, साखर, मीठ, मसाला आणि मऊ बटर घालून दहा मिनिटं मळा व तासभर झाका. बेदाणे, साल आणि बदाम सगळ्यांत शेवटी. बेदाणे चांगले निथळून घ्या आणि न मळता, नुसते दुमडत मिसळा. तुमचा करडेपणा इथूनच आला असणार : बेदाणे आधी घातले की मळताना फुटतात आणि त्यांचा रस पिठात उतरतो.

दोन लांबट गोळे करून अर्धा तास विसावू द्या. वर डोकावणारे बेदाणे वेचून काढा, ते जळून कडू होतात. १७० अंशांवर साधारण ४५ मिनिटं भाजा. भट्टीतून काढल्या काढल्या, गरम असतानाच, १०० ग्रॅम वितळलेलं बटर दोन्हींना सगळीकडून पाजा आणि वर पिठीसाखरेचा जाड थर द्या. इथे हात आखडलात की कोरडेपणा आलाच.

त्याच दिवशी कापणं ही दुसरी चूक. बटरपेपर आणि त्यावर फॉइल गुंडाळून दोन-तीन आठवडे गारव्यात मुरू द्या. बेदाण्यांचा ओलावा तेवढ्या काळात पिठात पसरतो. नाशिकला रात्री थंडी असली तरी दुपारचा भरवसा नाही, म्हणून फ्रिजचा खालचा कप्पा बरा. कापायचा तो टोकाकडून नव्हे, मधोमध. हव्या तेवढ्या चकत्या काढल्या की दोन्ही अर्धे पुन्हा जोडून ठेवा, म्हणजे कापलेली बाजू सुकत नाही.

मुळात हा उपवासाचा पदार्थ. नाताळाआधीचे आठवडे उपवासाचे आणि त्यात लोणी वर्ज्य, त्यामुळे मैदा, यीस्ट, पाणी आणि तेल एवढ्यावरच तो होई. १४९१ साली पोप आठवे इनोसंट यांनी सॅक्सनीला, म्हणजे ड्रेस्डेनच्या प्रांताला, लोण्याची मुभा दिली, तीही प्रायश्चित्ताचे पैसे भरण्याच्या अटीवर. तुमचा श्टोलन त्या परवान्याच्या आधीचा झाला, एवढंच.

प्रश्न : मुलगा पोलंडमध्ये क्राकूवला नोकरी करतो. सहकाऱ्याने २४ डिसेंबरला घरी जेवायला बोलावलं आहे. आम्ही शाकाहारी. त्याने काय खावं आणि काय न्यावं? (इचलकरंजी)

वर्षातला सर्वांत सोयीचा दिवस त्याच्या वाट्याला आला आहे. या रात्रीच्या जेवणाला विगिलिया म्हणतात. प्रथेप्रमाणे बारा पदार्थ आणि मांस एकातही नाही, कारण हाही उपवासच. आपल्याकडे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणतात, तसलाच प्रकार! मासे मात्र चालतात : तळलेला कार्प आणि खारवलेला हेरिंग जवळजवळ हमखास. ते वगळले तरी आंबवलेल्या बिटाचं सार (बार्श्च), त्यात सोडलेल्या रानअळंब्यांच्या छोट्या करंज्या (उश्का), कोबी-अळंबीच्या पिएरोगी (उकडलेल्या करंज्या), खसखशीचा रोल आणि सुक्या फळांचं धुरकट वासाचं सरबत उरतंच. विचारून घ्यायचं ते सार-सुपाबद्दल, क्वचित कुणी अळंबीच्या सुपात मासा घालतं. अंडं चालत नसेल तर पिएरोगीच्या पारीबद्दलही विचारावं.

वेळ पाळायला सांगा. आकाशात पहिली चांदणी दिसली की जेवण सुरू होतं आणि तिथे त्या दिवशी सूर्य पावणेचारच्या सुमारास मावळतो. बसण्याआधी प्रत्येकाच्या हाती ओप्वातेक म्हणजे कागदासारखी पातळ पापडी येते. ती एकट्याने खायची नसते. समोरच्याच्या पापडीचा तुकडा आपण मोडायचा, आपल्या पापडीचा त्याला मोडू द्यायचा, शुभेच्छा द्यायच्या, मगच खायचं, आणि असं घरातल्या प्रत्येकाबरोबर. टेबलावर एक ताट रिकामं दिसेल. ते अवचित येणाऱ्या पाहुण्याचं, तिथे बसू नये. टेबलक्लॉथखाली गवत हाताला लागलं तर दचकू नये, ती येशूच्या गोठ्यातल्या जन्माची खूण.

फुलं न्यावीत, पण विषम संख्येत आणि शेवंती टाळून. शेवंती तिथे थडग्यावर वाहतात. खरेदी २३ तारखेलाच उरकावी, कारण २०२५पासून पोलंडमध्ये २४ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी आहे.

प्रश्न : लिस्बनहून खारवलेला कॉड मासा, बाकाल्याव, आणला. पाण्यात चार तास भिजवूनही खारट विष! (म्हापसा)

चार तासांत फक्त वरचं मीठ सुटतं. जाड तुकड्याला ३६ ते ४८ तास लागतात, पातळ शेपटीला २४ पुरतात. तुकडे धुऊन भरपूर गार पाण्यात कातडीची बाजू वर करून ठेवा, म्हणजे सुटलेलं मीठ कातडीखाली न अडकता तळाशी बसतं. दर सहा-आठ तासांनी पाणी बदला. हे सगळं फ्रिजमध्येच करायचं, ओट्यावर नाही, गोव्याच्या हवेत मासा उतरेल. आतला बारीक कण चाखून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. शिजवताना खळखळ उकळी नको, त्याने मासा चिवट होतो. उकळीच्या खालच्या आचेवर दहा-बारा मिनिटं बस. सोबत उकडलेले बटाटे, कोबीची पानं आणि अंडी घ्या. वर ऑलिव्ह तेल आणि लसूण.

पोर्तुगालमध्ये २४ तारखेच्या या जेवणाला ‘कोंसुआदा’ म्हणतात. मध्यरात्रीच्या मिस्सापर्यंत (चर्चमधल्या प्रार्थनेपर्यंत) मांस नाही, म्हणून मासा. गोव्यात तोच शब्द शेजाऱ्यांकडे धाडायच्या नेवऱ्या-दोदोल अशा गोडाच्या तबकाला चिकटला. उरलेला मासा-बटाटा दुसऱ्या दिवशी लसणीवर परततात. त्याला पोर्तुगीज ‘जुने कपडे’ म्हणतात, आपल्या फोडणीच्या पोळीचा भाऊ.

प्रश्न : सर्बियात नाताळ ७ जानेवारीला का? (ठाणे)

तिथलं चर्च अजून ज्युलियन दिनदर्शिकेवर चालतं आणि ती आपल्या कॅलेंडरच्या १३ दिवस मागे आहे. त्यांच्या हिशेबी तोही २५ डिसेंबरच. २१०० नंतर फरक १४ दिवसांचा होईल आणि नाताळ ८ जानेवारीला जाईल. ग्रीस आणि रुमानियाची ऑर्थोडॉक्स चर्च मात्र २५ डिसेंबरच पाळतात.

प्रश्न : डेन्मार्कची नाताळची खीर, रिसालामांग, पाण्यासारखी पातळ झाली. (पुणे)

तांदूळ बासमती होता की क्रीम गरम खिरीत घातलं? एक लिटर दुधात १२० ग्रॅम आंबेमोहर मंद आचेवर चाळीस मिनिटं शिजवा. बासमती मोकळा राहतो, दूध धरत नाही. खीर फ्रिजमध्ये पूर्ण गार होऊन घट्ट झाली पाहिजे, मगच साखर, व्हॅनिला, १०० ग्रॅम सोललेले भरड बदाम आणि ३०० मिली घुसळून फुलवलेलं क्रीम हलक्या हाताने मिसळा. २५ टक्के स्निग्धांशाचं क्रीम फुलत नाही, किमान ३५ टक्क्यांचं घ्या. वरून चेरीचा गरम सॉस.

एक बदाम अख्खा ठेवायला विसरू नका. तो ज्याला मिळेल त्याला बक्षीस, बहुधा मार्झिपानचं (बदाम-साखरेच्या मिठाईचं) डुक्कर. मुरलेले डॅनिश तो गालात दडवून गप्प बसतात, म्हणजे बाकीचे भांडं रिकामं होईपर्यंत खात राहतात. लहान मुलं पंगतीला असतील तर त्यांच्या वाटीवर लक्ष ठेवा, बदाम घशात अडकू शकतो.