वाचकांचे प्रश्न: काम वीज कंपनीचं, पगार एजन्सीचा

वीज कंपन्यांत एजन्सीमार्फत काम करणाऱ्या वाचकांच्या पत्रांपैकी चार प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न: मी ३३/११ केव्ही उपकेंद्रात कंत्राटी यंत्रचालक आहे. पगार २० तारखेनंतर होतो. खात्यात रक्कम पूर्ण येते, पण दोन दिवसांत सुपरवायझर ३ हजार रुपये रोख परत मागतो. नाही दिले, तर उद्यापासून येऊ नको म्हणतो. ड्युटी १२ तासांची आहे. कंपनीचे साहेब म्हणतात, हा तुमचा आणि ठेकेदाराचा विषय आहे.
— एक यंत्रचालक, सोलापूर जिल्हा

उत्तर: साहेबांचं म्हणणं साफ चूक आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत हातात पडला पाहिजे. ठेकेदाराने तो दिला नाही किंवा कमी दिला, तर उरलेली रक्कम कंपनीने मुख्य नियोक्ता (ठेकेदारामार्फत काम करून घेणारा मूळ मालक) म्हणून द्यायची आणि ठेकेदाराकडून वसूल करायची. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१ मध्ये हे होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम ५५ मध्येही ते कायम आहे. ‘बिल पास झालं नाही’ हे कारण कामगाराला सांगायचं नसतं.

रोख परत घेण्याचा प्रकार सिद्ध करणं सर्वांत अवघड, कारण कागदावर पगार पूर्ण दिसतो. एकट्याच्या पासबुकावरून पैसे काढले एवढंच कळतं, कुणाला दिले ते कळत नाही. पण आठ-दहा जणांच्या पासबुकात पगारानंतर त्याच दोन दिवसांत तेवढीच रक्कम काढलेली दिसली, की तो योगायोग राहत नाही. म्हणून तक्रार एकत्र करा. पैसे मागणारे मेसेज आणि कॉल रेकॉर्डिंग पुसू नका. काही ठिकाणी एटीएम कार्डच सुपरवायझरकडे ठेवलेलं असतं. तसं असेल तर आधी बँकेत जाऊन ते बंद करा आणि नवं घ्या.

आता १२ तासांचं. आठ तासांवरच्या कामाला दुप्पट दर लागतो. समजा मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून १४,००० रुपये आहेत. २६ दिवस आणि ८ तासांनी भागलं की तासाला सुमारे ६७ रुपये, दुप्पट केले की १३४ रुपये ६० पैसे. रोजच्या चार जादा तासांचे सुमारे ५३८ रुपये, म्हणजे २६ दिवसांचे जवळपास १४ हजार. अख्खा एक पगार दर महिन्याला बुडतो आहे.

हजेरीपटावर एजन्सी आठच तास लावते. तुमच्याकडे मात्र त्याहून भक्कम पुरावा आहे, तो म्हणजे उपकेंद्राची लॉगशीट. दर तासाचं रीडिंग, फीडर (उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी) कधी ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, लाइनवर काम करायला परमिट कुणी दिलं आणि कधी परत घेतलं, सगळं तुमच्या अक्षरात आणि तुमच्या सहीने आहे. ती वही कंपनीची आहे, घरी नेऊ नका. कंपनी सरकारी असेल तर माहिती अधिकारात प्रत मागा. अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून द्या. विषय एकच ठेवा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत बसवा, नाहीतर महाराष्ट्राच्या नियमांवर बोट ठेवून अर्ज परत येतो. लॉगशीटसाठी एक अर्ज करा. वर्क ऑर्डर, तिच्यातला प्रतिकामगार दर आणि बिलासोबत जोडलेली पीएफ चलनं यांसाठी दुसरा. इतरांचे बँक तपशील मागू नका, ‘त्रयस्थाची माहिती’ म्हणून सगळाच अर्ज नाकारायला तेवढं निमित्त पुरतं. उत्तराला ३० दिवस असतात.

कागद हातात आले की सहायक कामगार आयुक्तांकडे वेतनाचा दावा करा. ठेकेदार आणि कंपनी, दोघांनाही प्रतिवादी करा. फक्त ठेकेदाराला केलं आणि त्याचं टेंडर संपलं, तर आदेश हातात राहतो आणि पैसे मिळत नाहीत. त्याच चार संहितांतल्या वेतन संहितेत दाव्याला ३ वर्षांची मुदत आहे. जुन्या किमान वेतन कायद्यात ती सहाच महिने होती, त्यामुळे नोव्हेंबर २०२५ आधीच्या थकबाकीवर मुदतीचा वाद निघू शकतो. उशीर करू नका.

प्रश्न: पगारातून पीएफ कापला जातो, पण पासबुकात काही महिने कोरे आहेत. आता एजन्सी बदलली. जुना ठेकेदार फोन उचलत नाही.
— लाइन हेल्पर, यवतमाळ जिल्हा

उत्तर: वरच्याच १४,००० वर हिशेब लावून बघा. तुमच्या वाट्याचे १२ टक्के म्हणजे १,६८० रुपये. मालकाचे तेवढेच, पण ते पासबुकात दोन ठिकाणी दिसतात: पेन्शनच्या रकान्यात १,१६६ आणि पीएफच्या रकान्यात ५१४. स्लिपवर १,६८० च्या जागी ३,३६० कापलेले दिसले, तर ठेकेदार स्वतःचा हिस्साही तुमच्याच खिशातून भरतो आहे. हे बेकायदेशीर आहे, आणि सर्रास चालतं.

पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. भरले नसतील, तर कोऱ्या महिन्यांची यादी, त्या महिन्यांच्या स्लिपा आणि यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) जोडून पीएफ कार्यालयाच्या ‘ईपीएफआयजीएमएस’ या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका आणि त्यात कंपनीचं नाव मुख्य नियोक्ता म्हणून लिहा. ठेकेदाराच्या कामगारांचे दोन्ही हिस्से भरण्याची जबाबदारी योजनेच्या परिच्छेद ३० नुसार मुख्य नियोक्त्यावरही आहे. कंपनीकडे ठेकेदाराची सुरक्षा ठेव असते. ती परत जाण्याआधी कार्यकारी अभियंत्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. ठेव गेली की कंपनीची वसुली अडते आणि टोलवाटोलवी सुरू होते.

नव्या एजन्सीला जुनाच यूएएन द्या. नवा काढू दिला, तर सेवा तुटक दिसते आणि पेन्शनची वर्षं जोडताना नाकी नऊ येतात. जुन्या ठेकेदाराने सोडल्याची तारीख टाकली नसेल, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी तुम्ही ती पोर्टलवर स्वतः टाकू शकता.

प्रश्न: ११ वर्षं एकाच शाखा कार्यालयात आहे, चार ठेकेदार बदलले. कोर्टात गेलो तर कायम होईन का?
— वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर: निव्वळ वर्षं मोजून नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात ठरवून दिलं, की कंत्राट पद्धतीवर बंदी आली तरी कामगार आपोआप कंपनीचे होत नाहीत. मात्र कंत्राट नुसता देखावा असेल, तर ते कंपनीचेच कामगार ठरतात. तेव्हा देखावा सिद्ध करायचा आहे. रजा कोण मंजूर करतं? फॉल्टवर कोण पाठवतं? झुला, हातमोजे, अर्थिंग रॉड कुणाचे? मेमो कुणाच्या सहीचा? ठेकेदार फक्त पगाराच्या दिवशी उगवत असेल आणि बाकी सगळं कनिष्ठ अभियंता पाहत असेल, तर त्याचे लेखी आदेश, व्हॉट्सॲप गटावरच्या ड्युटीच्या सूचना, तारखांसह जपा.

इथे एक चूक फार महागात पडते. अनेक जण थेट औद्योगिक न्यायालयात अनुचित कामगार प्रथेची तक्रार करतात. कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या २००१ च्याच निकालांनुसार, कंपनी तुम्हाला आपला कामगार मानतच नसेल तर ती तक्रार तिथे टिकत नाही, आणि त्यात वर्षं जातात. आधी कामगार आयुक्तांकडे औद्योगिक विवाद उभा करा. समझोता फसला, की औद्योगिक संबंध संहितेनुसार त्यांचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे स्वतः अर्ज करता येतो.

कंपनीचे ‘विद्युत सहाय्यक’ या कंत्राटी कामगारांत येत नाहीत. त्यांना कंपनीच मानधनावर नेमते.

प्रश्न: खांबावरून पडून नवऱ्याचा मृत्यू झाला. एजन्सी म्हणते, त्याची ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नोंदणी झालीच नव्हती.
— वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर: ताई, नोंदणी न करणं हा एजन्सीचा दोष आहे, त्याने तुमचा हक्क जात नाही. पगार २१,००० पर्यंत होता आणि त्या भागात ईएसआय लागू होतं, तर ईएसआयच्या शाखा कार्यालयात अपघाताचा अहवाल, पोलीस पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि पगाराची नोंद असलेलं पासबुक देऊन आश्रित लाभ मागा. लागू नव्हतं, तर नुकसानभरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत करा, कंपनीलाही त्यात ओढा. पीएफ भरला जात असेल, तर त्याला जोडलेल्या विम्याचे ७ लाखांपर्यंत वेगळे मिळतात, त्यासाठी फॉर्म ५ आयएफ. कोऱ्या कागदावर सही मात्र कुणालाही देऊ नका, ‘तातडीची मदत’ म्हणून आणून दिली तरी.