दोन रेघा आणि एक वही

प्रिय मुली,

रात्री पावणेदोनला तू पाठवलेला फोटो मी सकाळी चहा ठेवताना पाहिला. तुझ्या मांजराच्या पिल्लाच्या, चिवडाच्या, ल्युकेमिया तपासणीची पांढरी पट्टी, तिच्यावर दोन रेघा, आणि खाली तुझा एकच शब्द: "काकू?" त्यावरूनच कळलं की तुझा डोळ्याला डोळा लागलेला नाही. फोन करणार होते. पण फोनवर तू रडशील, मी समजूत काढत बसेन आणि कामाचं तेवढं राहून जाईल. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच.

मी डॉक्टर नाही हे तुला माहीत आहे. दादरच्या एका जनावरांच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं मांजरं धरायचं काम केलं. सुई डॉक्टर टोचतात, ओरबाडून निघतो तो धरणारा. माझे हात तू पाहिले आहेसच. तेव्हा औषध कोणतं आणि किती, हे मला विचारू नकोस. ते तुझ्या डॉक्टरांनी सांगायचं. घरी काय बघायचं ते मी सांगते.

आधी त्या दोन रेघांचं. ही पट्टी मांजरांच्या ल्युकेमियाच्या विषाणूचं एक प्रथिन रक्तात आहे का, एवढंच बघते. आज आहे, म्हणून चिवडाची पट्टी दोन रेघांची. पण आज आहे म्हणजे कायमचं आहे, असं नाही. काही मांजरांचं शरीर या विषाणूला दाबून टाकतं. तो पेशींमध्ये लपून राहतो, पण रक्तात फिरेनासा होतो, आणि अशी मांजरं पुढे बरीच वर्षं बरी राहू शकतात. काहींना ते जमत नाही. विषाणू अस्थिमज्जेत ठाण मांडतो आणि रक्त बनवण्याचं कामच बिघडवतो. चिवडा जेमतेम तीन महिन्यांची, आणि लहान पिल्लांना हा आजार मोठ्या मांजरांपेक्षा लवकर धरतो, हे तुझ्यापासून लपवत नाही. तरी ती यातल्या कुठल्या वाटेने जाणार, हे एका पट्टीवरून कोणीच सांगू शकत नाही. डॉक्टरांना विचारून पीसीआरसाठी, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीसाठी, रक्त पाठव आणि दोनेक महिन्यांनी पट्टी पुन्हा कर. पहिल्या पट्टीची तारीख आजच कुठेतरी लिहून ठेव.

हे इतकं ठासून सांगते आहे त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक करडं पिल्लू आलं होतं, एवढंसं, पण टेबलावर माझ्या बांगडीशी खेळत होतं. पट्टी केली, दोन रेघा आल्या, आणि त्याच संध्याकाळी त्याला इंजेक्शनने कायमचं झोपवलं. तेव्हा असंच करायचे, कोणी वाईट नव्हतं. पाय मी धरले होते. दुसरी पट्टी झाली असती तर काय दिसलं असतं, हा प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

नावाने घाबरू नकोस. ल्युकेमिया म्हटलं की माणसांना रक्ताचा कर्करोगच आठवतो. १९६४ साली स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला विल्यम जॅरेट नावाच्या पशुवैद्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषाणू शोधला, तो गाठींच्या कर्करोगाचा माग काढता काढता. म्हणून नाव तसं पडलं. प्रत्यक्षात कर्करोग काहींनाच होतो. आम्ही जास्त करून बघायचो ते पांढरीफटक पडलेली मांजरं आणि सर्दी, तोंडातले फोड, जुलाब असल्या किरकोळ दुखण्यांनी खंगत गेलेली मांजरं. हा विषाणू स्वतः मारतो त्यापेक्षा दार उघडं टाकून बसतो. मग कोणीही आत शिरतं.

आणि तिथेच तुझं काम आहे. ल्युकेमियाला औषध नाही. पण त्या उघड्या दारातून आत आलेल्या पुष्कळ गोष्टींना आहे. "आता काय, ल्युकेमियाच आहे" असं म्हणून डॉक्टरांनी किंवा तू स्वतः हात टेकलेत, तर साध्या जंतांनी पोर जाईल. दर वेळी एकच विचारायचं: आज तिला जे होतंय, त्यातलं बरं होण्यासारखं काय आहे?

उदाहरण देते. हिरड्या फिक्या दिसल्या की लगेच विषाणूवर खापर फोडू नकोस, आधी पिसवा बघ. उवांची बारीक फणी घे, शेपटीच्या बुडाशी आणि मानेवर फिरव, फणीत येतील ते काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाक. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती माती नव्हे, पिसवांची विष्ठा, म्हणजे चिवडाचंच रक्त. किलोभराच्या पिल्लाला पिसवा शब्दशः पिऊन टाकतात. औषध मात्र मांजराचंच, वजन सांगून आणायचं. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, त्याने मांजर झटके येऊन मरतं. पिसवांमधून रक्तपेशींवर बसणारा एक जंतूही येतो. त्यावर बहुतेक वेळा डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देतात. ती गोळी कोरडी कधीच द्यायची नाही. मागोमाग सिरिंजने पाच मिली पाणी, थेंबाथेंबाने, गालाच्या कोपऱ्यातून. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते आणि नळी आक्रसते. मग भूक असून मांजर खाऊ शकत नाही.

हिरड्या दिवसाउजेडी बघायच्या, खिडकीशी. ट्यूबलाइटखाली सगळीच मांजरं आजारी दिसतात. चिवडासारख्या तीनरंगी मांजरींच्या हिरड्यांवर काळे ठिपके असू शकतात, तेव्हा जीभही बघ. (तीनरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या काकांचं "बोका आहे" हे सोडून दे.) रंग पिकल्या लाल पेरूच्या आतल्या गरासारखा हवा. मोसंबीच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा झाला, तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. अहवालात पीसीव्ही नावाचा आकडा असतो, रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के ते सांगणारा. मोठ्या मांजरात तो साधारण ३० ते ४५ असतो, पिल्लात थोडा कमी. १५ च्या आसपास घसरला तर रक्त चढवण्याची गोष्ट निघेल. मांजरांनाही रक्तगट असतात, ए, बी आणि क्वचित एबी. न जुळवता चढवलेलं रक्त जीव घेऊ शकतं, तेव्हा "गट जुळवलाय का?" हे विचारायला लाजायचं नाही.

आता वही. शंभर पानी आण आणि स्वयंपाकघरातला काटा बाहेर काढ. रोज सकाळी खाण्याआधी स्टीलचा डबा काट्यावर ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा आणि चिवडाला डब्यात बसवायचं. ती बसणार नाही. तळाशी तुझा जुना ओढणीचा तुकडा टाक, बसेल. या वयाच्या पिल्लाचं वजन आठवड्याला शंभर ग्रॅमच्या आसपास वाढायला हवं. तीन दिवस आकडा हलला नाही तर डॉक्टरांना कळवायचं, घसरला तर त्याच दिवशी जायचं.

काटा कशाला, डोळ्यांना दिसतंच की, असं मलाही वाटायचं. माझ्या सोनीने ते वाटणं मोडलं. दवाखान्यातूनच घरी आणलेली, हाच आजार. दिवसातून चार वेळा वाटी पुढे ठेवायचे, ती चाटायची, मी समाधानाने वाटी उचलायचे. चाटत होती ती वरचं पाणी. अंगावर भरपूर केस, त्याखाली हाडं कधी वर आली ते मला, जिचं कामच मांजरं धरायचं होतं, तिला कळलं नाही. एके दिवशी सहज दवाखान्याच्या काट्यावर ठेवली, तर महिन्यात पाव किलो गेलेलं. म्हणून वाटीतलं खाणंही आधी आणि नंतर तोलायचं. "थोडंसं खाल्लं" असं वहीत लिहायचं नाही. "२२ ग्रॅम" असं लिहायचं.

खायला पिल्लांचं तयार ओलं खाणं सगळ्यात बरं. परवडत नसेल त्या दिवशी उकडलेली कोंबडी, बिनमिठाची, कांदा-लसूण न लागलेली, पण रोज नुसत्या तेवढ्यावर पिल्लू वाढत नाही. कच्चं मांस अजिबात नाही, हिच्या अंगात त्यातल्या जंतूंशी लढायची ताकद नाही. आणि दूध बंद. मांजर डोळे मिटून दूध पितं हे खरं, पण नंतर होणारे जुलाब तुला उघड्या डोळ्यांनी पुसावे लागतात. नाक चोंदलं की वास येत नाही, वास आला नाही की ती खात नाही. आधी कोमट ओल्या कापसाने नाक पूस, मग खाणं अंगाइतकं कोमट करून दे. तरी तोंड फिरवलं तर थोडा जवळा दोनदा धुऊन कोमट पाण्यात टाक आणि त्या पाण्याचे दोन थेंब वर शिंपड. आमच्या दवाखान्यातली निम्मी रुसलेली मांजरं जवळ्याने मानली आहेत. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर वाट बघत बसू नकोस, पिल्लाला तेवढा दम नसतो. आणि मान मागे करून सिरिंजने बळेच कोंबू नकोस. छातीत गेलं तर आणखी एक दुखणं.

ताप बघायचा तर थर्मामीटर शेपटीखालीच. मांजराचं १०१ म्हणजे ताप नाही, फॅरनहाइटमध्ये १००.५ ते १०२.५ पर्यंत ठीक. आणि कितीही ताप असो, घरातली पॅरासिटामॉल नाही. अर्धी नाही, चिमूटभर नाही. एका गोळीने मांजर जातं. तशी तीन मी हातात गेलेली पाहिली आहेत, तिन्ही प्रेमळ घरांतली.

ती झोपली की छातीकडे बघून मिनिटाचे श्वास मोज, वहीत लिही. तिशीच्या वर जात राहिले तर फोन. तोंड उघडून श्वास घ्यायला लागली तर फोनही नको, थेट रिक्षा. या आजारात तरुण मांजरांच्या छातीत गाठ होते कधीकधी, आणि पाणी भरतं.

तुझ्या रूममेटचा बोका. हे तुला आवडणार नाही, पण दोघांना आजपासून वेगळं कर. हा आजार लाळेतून जातो: एकमेकांना चाटणं, एका वाटीत खाणं, चावणं. म्हणजे भांडणापेक्षा प्रेमातून जास्त पसरतो. बोक्याची पट्टी कर. एकच रेघ आली तरी तीही पुढे परत करायची, आणि त्याला या आजाराची लस देता येईल का ते विचार. "त्याला ट्रायकॅट झालंय" म्हणून निर्धास्त राहू नका. ती तीन आजारांवरची लस, आणि त्या तिघांत ल्युकेमिया नाही. त्यात आहे तो पॅनल्युकोपेनिया, नावाने चुलत भाऊ वाटणारा, पण आजार अगदी वेगळा. तो घरात महिनोन्‌महिने टिकतो. हा आपला विषाणू अंगाबाहेर पडला की काही तासांत संपतो, साध्या साबणाने मरतो. वाट्या वेगळ्या, शी-शूच्या मातीचा ट्रे वेगळा, हात धुणं, एवढं पुरे. घरभर ब्लीच ओतू नकोस.

तुला किंवा रूममेटला यातून काही होत नाही. हा आजार माणसाला लागत नाही. पण रस्त्यावरून उचललेलं पिल्लू आहे, चावलं-ओरबाडलं तर रेबीजचा विचार करायचाच. साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्यायला जायचं. चिवडाच्या लसी कधी आणि कोणत्या द्यायच्या ते तिची तब्येत बघून डॉक्टर ठरवतील.

आता लोक येतील. कोणी गुळवेलीचा रस सांगेल, कोणी हळदीचं पाणी, कोणी कुठल्याशा पावडरीने महिन्यात निगेटिव्ह झालेल्या मांजराची गोष्ट. त्या मांजराची दुसरी पट्टी काहीही न देताही तशीच आली असेल कदाचित, हे तुला आता कळतं. हसून मान डोलव आणि काही देऊ नकोस.

पैशाचं डॉक्टरांशी पहिल्याच भेटीत बोल. "माझ्याकडे महिन्याला एवढे आहेत, यात सगळ्यात आधी काय करायचं?" चांगले डॉक्टर या प्रश्नाने सुटकेचा श्वास टाकतात. मुंबईत असतीस तर परळच्या बैलघोड्याला, त्या जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात, जा म्हटलं असतं, आमच्याकडे ज्याला परवडत नाही तो तिथेच जायचा. तुझ्या शहरात असं कुठे आहे ते आज शोधून ठेव, अडल्या रात्री शोधू नकोस.

एक शेवटचं, जे तू विचारलं नाहीस. विषाणू रक्तात टिकूनच राहिला तर अशी बहुतेक मांजरं दोन-तीन वर्षांत जातात. पिल्लं त्याहून लवकर. ती वेळ आली तर तुला कळावं म्हणून वहीच्या मागच्या पानावर आत्तापासून चार गोष्टी लिहून ठेव, ज्या चिवडा मनापासून करते. तू सांगितल्यात त्यातल्या दोन मला आठवतात: कुकरची शिटी झाली की पळत येणं आणि तुझ्या केसांचा रबर चोरणं. रोज संध्याकाळी त्यापुढे हो किंवा नाही लिही. सोनीच्या वेळी मी असं काही लिहिलं नव्हतं. स्वतःला चाटून साफ करणं तिने बंद केलं होतं, आणि तरी मी चार दिवस डॉक्टरांना "उद्या बघू" म्हणत राहिले. ते चार दिवस मला हवे होते. तिला नको होते.

पण ते आजचं काम नाही. आज काटा आणि वही. पीसीआरच्या कागदावर "मांजर, मादी" एवढंच लिहितात, तिथे चिवडा हे नाव लिहायला लाव, नमुने अदलाबदल होतात. आणि तू दुपारी झोप.

तुझी,
काकू

ता.क. ओढणीचा तुकडा म्हटलं, नवी ओढणी फाडू नकोस. तुझी आई मला बोलेल.