पगार बँकेत येतो, मग मी असंघटित कसा?

प्रश्न : मी पेडण्याचा. कळंगुटला एका हॉटेलात रिसेप्शनवर आहे, सहा वर्षं झाली. स्टाफ साठेक, जीएसटीचं बिल, पगार दर महिन्याला बँकेत. फक्त अपॉइंटमेंट लेटर नाही आणि पीएफ नाही. भाऊ म्हणतो तू असंघटित कामगार. खरं का?

उत्तर : भाऊ बरोबर बोलतोय, पण तुम्हीही चुकीचे नाही. तुमचं हॉटेल संघटित आहे आणि तुमची नोकरी असंघटित. आधी फक्त धंदा बघायचे, 1993 मध्ये जिनिव्हातल्या परिषदेत आकडेवारीवाल्यांनी तशीच व्याख्या केली होती, म्हणजे छोटा, नोंद नसलेला धंदा तो अनौपचारिक (इनफॉर्मल, आपल्याकडे त्यालाच असंघटित म्हणतात). मग लक्षात आलं की मोठ्या कंपनीतही लोक कसलाच कागद नसताना राबतात, म्हणून 2003 ला माणसाची नोकरी बघायचं ठरलं. आपल्याकडे असंघटित क्षेत्रासाठी नेमलेल्या सरकारी अर्जुन सेनगुप्ता आयोगानं दहापेक्षा कमी माणसांचे खाजगी, घरगुती किंवा भागीदारीतले धंदे असंघटित धरले, आणि मोठ्या ठिकाणी असून मालकाकडून सामाजिक सुरक्षा नाही ते कामगारही अनौपचारिक धरले. 2004-05 चा त्यांचा हिशोब बघा, देशातल्या एकूण काम करणाऱ्यांपैकी असंघटित क्षेत्रात 86 टक्के, पण अनौपचारिक कामगार 92 टक्के. मधला फरक मुख्यतः तुमच्यासारख्यांचा.

पगार बँकेत आला की रोख, त्यावर हे ठरत नाही. पीएलएफएस म्हणजे सरकारचा रोजगार मोजणारा सर्वे 2017 पासून चालतो, त्यात पगारदाराला लेखी करार आहे का, पगारी रजा मिळते का, पीएफ-पेन्शनसारखं काही आहे का, हे विचारतात. तेही घरी येऊन, हॉटेलात नाही, ते बरंच आहे कारण मालकाला विचारलं तर मालकाचंच उत्तर मिळणार. पण घोळ इथेही होतो, तुम्ही ड्युटीवर आणि दारात वडील, ते अभिमानानं सांगणार "झील (मुलगा) हॉटेलात परमनंट आहे", झालं, तुम्ही फॉर्मल! घरी एकदा नीट सांगून ठेवा. आणि हो, 20 किंवा जास्त माणसांच्या हॉटेलाला पीएफचा कायदा लागू होतो, तेव्हा हे नुसतं व्याख्येचं प्रकरण नाही, पीएफ ऑफिसात चौकशी करा.

प्रश्न : आई सोलां (वाळवलेली कोकमं) आणि फणसाचे पापड करून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकते. वाळवण, पॅकिंग सगळं वहिनी करते. सर्वेवाली बाई आली तर आई म्हणाली, "मी घरीच असते." मग त्या मोजल्या गेल्या का?

उत्तर : बहुतेक नाही, आणि यात आईंची चूक नाही. आपल्याकडे बाया "काम" म्हणजे ऑफिसचं काम समजतात. नियम मात्र बराच सैल आहे, मागच्या सात दिवसांत एक तास जरी केलं तरी त्या आठवड्यापुरत्या त्या कामात धरल्या जातात. वर्षाचा हिशोब वेगळा, त्यात मुख्य काम नसलं तरी 30 दिवस भरले की दुय्यम काम म्हणून धरतात, आणि वर्षाचे 52 शुक्रवार, पावसात दहाएक बुडाले तरी आई या नियमात आरामात बसतात. त्या स्वयंरोजगारी. वहिनी बिनपगारी असल्या तरी घरच्या धंद्यातल्या मदतनीस म्हणून कामगारच, फक्त घरचं रांधप (स्वयंपाक)-धुणं तेवढं यात येत नाही. मला विचाराल तर खरी गाळली जाते ती वहिनीच, तिच्या हातात पैसे येत नाहीत म्हणून तिलाही वाटतं आपण काही करत नाही. "काम करता का?" असं विचारलं तर दोघीही नाहीच म्हणणार. "शुक्रवारी बाजारात काय नेलं, ते वाळवलं कोणी?" असं विचारलं की सगळं बाहेर येतं. पुढच्या वेळी ती बाई आली तर चहा देताना वहिनीलाही बाहेर बोलवा.