सगळं पुरवलं तरी माणूस नाराज का राहतो?

या वेळी बरीच पत्रं आली आणि त्यातली निम्मी तरी एकाच सुराची होती, म्हणजे ‘आम्ही इतकं करतो तरी समोरच्याला समाधान नाही’. त्यातली तीन घेतेय.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. आम्ही त्यांना काहीही करू देत नाही, औषधं वेळेवर हातात देतो, कपडे तयार, बँकेचं सगळं मीच मोबाईलवरून बघतो. तरी सारखी चिडचिड. परवा त्यांचं कपाट नीट लावून दिलं तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आम्ही कुठे कमी पडतोय?

काळजी घेण्यात तुम्ही कुठेच कमी पडत नाही आहात. पण ‘आम्ही त्यांना काहीही करू देत नाही’ हे वाक्य तुम्ही प्रेमानं लिहिलंय ना, तेच जरा वडिलांच्या जागी बसून वाचा. ज्या माणसानं आयुष्यभर स्वतःचे निर्णय स्वतः घेतले, कदाचित तुमचेही घेतले, त्याला आता कुठला शर्ट कुठल्या कप्प्यात ठेवायचा हेसुद्धा ठरवता येत नाहीये.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षं काम करून असं मांडलंय की माणसाच्या मनाच्या मूलभूत गरजा तीन. आपलं आपण ठरवता येणं, आपल्याला काहीतरी जमतंय असं वाटणं, आणि आपलं कोणीतरी आहे, आपण कोणाचे तरी आहोत ही भावना. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की एका गरजेची भरपाई दुसरीनं होत नाही. तुम्ही वडिलांना माया भरभरून देताय, पण पहिल्या दोन गरजांच्या बाबतीत ते उपाशी आहेत, आणि आणखी माया करून ती भूक भागणार नाही, उलट तुम्ही जितकं जास्त कराल तितकं त्यांच्या हातातलं कमी होत जाईल.

यावर एक जुना आणि गाजलेला प्रयोग आहे. एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात तो केला आणि १९७६ साली प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या आजी-आजोबांना सांगितलं की तुमची खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा हे तुम्ही ठरवा, आणि हे रोप हवं असेल तर घ्या पण त्याची काळजी तुम्हीच घ्यायची. दुसऱ्या मजल्यावर रोपं तशीच दिली, वागणूकही तितकीच प्रेमाची, फक्त सांगितलं की तुमची काळजी आम्ही घेऊ, पाणीसुद्धा आमच्या नर्स घालतील. तीन आठवड्यांनी पाहिलं तर पहिला गट जास्त उत्साही, जास्त हालचाल करणारा, इतरांशी जास्त बोलणारा झाला होता. दीड वर्षानंतर परत पाहणी केली तेव्हा पहिल्या गटातले १५ टक्के लोक गेले होते आणि दुसऱ्या गटातले ३० टक्के. माणसं थोडी होती, दोन्ही गट मिळून शंभरही नव्हती, त्यामुळे या मृत्यूच्या आकड्यावर फार मोठी इमारत उभी करू नये असं माझं मत आहे. पण मूळ गोष्ट आपण आपल्या घरातही बघतोच की.

मग करायचं काय, तर कामं परत द्या. आठवड्याच्या गोळ्या डबीत त्यांना भरू दे, तुम्ही नंतर एक नजर टाका. बँकेचा व्यवहार तुम्हीच करा हवं तर, पण शेजारी बसवून आणि विचारून, ‘बाबा, ही ठेव मोडायची की ठेवायची?’ कपाटाबद्दल सरळ माफी मागा आणि ते त्यांना हवं तसं लावू दे, तुम्हाला तो पसारा वाटला तरी. आणि त्यांच्याकडे खरोखरचा सल्ला मागा, मान ठेवायचा म्हणून विचारलेलं त्यांना लगेच कळतं. डोस वगैरे जिथे खरंच धोका आहे तिथे मात्र डॉक्टर सांगतील तेच, तिथे तडजोड नको. अजून एक, आई गेल्याचं दुःखही या चिडचिडीत असू शकतं. झोप उडाली असेल, जेवण कमी झालं असेल, कशातच मन लागत नसेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा, म्हातारपणातलं डिप्रेशन बऱ्याचदा चिडचिड म्हणूनच दिसतं.

प्रश्न : लग्नाला अकरा वर्षं झाली. घर, गाडी, मुलांचं शिक्षण, सगळं मी उभं केलं. बायको म्हणते घरात तिच्याशी बोलायलाच कोणी नाही. ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये मॅस्लो या मानसशास्त्रज्ञाचा माणसाच्या गरजांचा पिरॅमिड शिकवला होता, आधी खालच्या पायऱ्या, म्हणजे अन्न, निवारा, सुरक्षितता, पक्क्या करायच्या, प्रेम वगैरे वरचं नंतर. मी तेच तर करतोय ना?

तो पिरॅमिड ट्रेनिंगमध्ये फार दाखवतात, पण मॅस्लोनं १९४३ साली जो मूळ लेख लिहिला त्यात पिरॅमिडचं चित्रच नाहीये. शिवाय त्याच लेखात त्यानं सांगितलंय की हा क्रम काही दगडावरची रेघ नाही, आणि खालची गरज १०० टक्के भागल्यावरच पुढची जागी होते असंही नाही. साध्या माणसाच्या सगळ्याच गरजा एकाच वेळी थोड्या भागलेल्या आणि थोड्या राहिलेल्या असतात. म्हणजे ‘अकरा वर्षं पाया, मग प्रेम’ हे गणित मॅस्लोच्या नावावर घालू नका.

आणि नुसतं पुरवून जवळीक होत नाही, हे दुसरीकडेही दिसलंय. हॅरी हार्लो या मानसशास्त्रज्ञानं १९५८ साली माकडाच्या पिल्लांवरचे प्रयोग मांडले, ते आज वाचताना वाईट वाटतं, पण त्यातून जे दिसलं ते विसरता येत नाही. पिल्लांना आईपासून तोडून दोन खोट्या आया दिल्या, एक तारेची आणि एक मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे असलं तरी पिल्लं तिथे दूध पिण्यापुरती जायची आणि बाकी सगळा वेळ कापडाच्या आईला बिलगून बसायची. तेव्हा बरेच जण मानायचे की जो खाऊ घालतो त्याचा लळा लागतो, त्या समजाला यानं जबर धक्का दिला.

तुम्ही घरासाठी जे केलंत ते लहान नाही आणि त्यामागे प्रेम आहे याबद्दल मला शंका नाही. पण ती जे मागतेय ते वेगळंच आहे. ती म्हणते ‘अगं बाई, आज काय झालं माहितीये’ आणि तुमची नजर स्क्रीनवर, तोंडातून ‘हं’. ती दुसऱ्यांदा सांगायला बघते, तुम्ही म्हणता ‘मग तू असं करायचं होतंस’ आणि विषय बंद. नवराबायकोच्या नात्यावर अनेक वर्षं अभ्यास केलेले जॉन गॉटमन अशा छोट्या छोट्या हाकांना फार महत्त्व देतात, समोरचा त्या हाकेकडे वळतो, दुर्लक्ष करतो की अंगावर येतो यावर नातं टिकण्या-तुटण्याचं बरंच काही ठरतं असं ते सांगतात. तेव्हा आज घरी गेल्यावर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि ती बोलेल तेव्हा उपाय न सुचवता ‘मग पुढे काय झालं’ एवढंच विचारत राहा. पहिले काही दिवस ती बोलणारही नाही कदाचित, कारण हाक मारून मारून माणूस थकतं, तेवढा धीर धरा.

आणि तुमच्या पत्रात मला तुमचीही एक गरज दिसतेय. आपण केलेलं कोणाच्या तरी डोळ्यांत दिसावं असं तुम्हाला मनापासून वाटतंय, आणि ते अगदी रास्त आहे. पण ते तिला कधी सांगितलंत का? ‘मी दमतो आणि तुझ्याकडून एक चांगला शब्द ऐकावासा वाटतो’ असं म्हणा. हिशोब मांडून म्हणालात तर मात्र भांडण होईल.

प्रश्न : मुलगी पाच वर्षांची आहे, तासन्‌तास चित्रं काढायची. आवड वाढावी म्हणून प्रत्येक चित्राला स्टार आणि दहा स्टारला बक्षीस सुरू केलं. आता आधी विचारते, किती स्टार देणार? आणि नाही म्हटलं की काढतच नाही.

अगदी हेच मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९७३ साली नर्सरीतल्या मुलांमध्ये दिसलं होतं. चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल असं ज्या मुलांना आधीच सांगितलं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात बाकीच्यांच्या निम्माच वेळ त्या रंगांशी खेळली. ज्यांना न सांगता अचानक प्रमाणपत्र दिलं त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. म्हणजे बिघडवतो तो आधी ठरवलेला सौदा. जे ती स्वतःच्या मर्जीनं करत होती ते आता तुमच्यासाठी करायचं काम झालंय.

चालू असलेले दहा स्टार पूर्ण करून कबूल केलेलं बक्षीस द्या, शब्द मोडू नका, आणि मग स्टार बंद. काही दिवस ती कागदाला हात लावणार नाही, तुम्ही आठवण करू नका, फक्त रंग आणि कागद तिच्या हाताला येतील असे ठेवा. काढलंच तर ‘छान’ म्हणून मोकळे होऊ नका, शेजारी बसून विचारा की हा घोडा कुठे निघालाय आणि याला पाच पाय कशाला. ब्लॉक्स, पुस्तकं यांनाही स्टार लावले असतील तर तेही हळूहळू काढून घ्या. दात घासण्यासारख्या कंटाळवाण्या गोष्टीला मात्र थोडे दिवस स्टार चालतील, तिथे मुळात आवडच नव्हती तर कमी काय होणार.