25,000 डॉलरचा जामीन आणि दोन एकर द्राक्षबाग

तासगाव तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा सिव्हिलचा डिप्लोमा झालेला. पुण्यात एका बिल्डरच्या साइटवर तीन वर्षं सुपरवायझर होता, फरशी आणि फिनिशिंगची कामं बघायचा. सूनबाई अमेरिकेच्या नागरिक, त्यामुळे लग्नानंतर त्याला ग्रीन कार्ड मिळालं. गेलं दीड वर्ष तो कॅलिफोर्नियात सॅन होजेला एका टाइल कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली काम करतो, पगार रोख मिळतो. आता त्याला स्वतःचं कॉन्ट्रॅक्टर लायसन्स काढायचं आहे. वडील लिहितात: "पोरगा म्हणतो, 25,000 डॉलरचा बाँड लागतो. आमच्या चुलत भावाने जिल्हा परिषदेच्या कामाला अनामत भरली होती, तसंच असणार. आमची चार एकर बाग आहे. रस्त्याकडची दोन एकर विकून पैसे पाठवावे म्हणतो, गिऱ्हाईक तयार आहे. दुसरं, तिथला एक ओळखीचा माणूस म्हणतो की माझं लायसन्स वापर, महिन्याला काहीतरी दे. तोवर तसं चालेल का?"

दादा, नमस्कार.

आधी एकच सांगतो, बाकीचं सावकाश वाचा. इसार घेतला नसेल तर घेऊ नका. तुमच्या मुलाला 25,000 डॉलर कुठेही भरायचे नाहीत.

"बाँड" या शब्दाने घोटाळा केला आहे. चुलत भावाने भरली ती अनामत होती. स्वतःच्या खिशातले पैसे खात्याकडे ठेवायचे, काम नीट झालं की परत घ्यायचे. मुलगा म्हणतो तो बाँड म्हणजे जामीन. कॅलिफोर्नियात लायसन्स देणारं खातं आहे, कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड, 1929 पासूनचं. ते म्हणतं, या माणसासाठी एखादी जामीनदार कंपनी उभी करा. त्याने कायदा मोडून घरमालकाचं नुकसान केलं किंवा मजुराची मजुरी बुडवली, तर 25,000 डॉलरपर्यंत ती कंपनी भरून देईल असं लिहून द्या. 1 जानेवारी 2023 च्या आधी ही रक्कम 15,000 होती. जामीन राहण्याबद्दल कंपनी मुलाकडून हप्ता घेते आणि त्याच्या खिशातून जातो तो तेवढाच. एक टक्का दर धरला तर वर्षाला 250 डॉलर. पत कच्ची असेल तर दर चढतो, दहा टक्क्यांपर्यंतही जाऊ शकतो, म्हणजे 2,500. तरी दोन एकर बागेशी त्याचा काही मेळ नाही. बाँडऐवजी बोर्डाकडे रोख रक्कम ठेवायची सोय आहे, पण लायसन्स बंद केल्यावरही ते पैसे काही वर्षं अडकून राहतात. त्या वाटेला जाऊ नका.

आता जामिनाची दुसरी बाजू. ती मी घरात पाहिलेली आहे म्हणून जरा थांबून सांगतो. मी नववीत असताना माझ्या वडिलांनी शेजाऱ्याच्या कर्जाला एका पतसंस्थेत जामीन म्हणून सही केली. शेजाऱ्याचे हप्ते थकले. एक दिवस पोस्टमन नोटीस घेऊन आला. वडिलांनी ती दोनदा वाचली, चार घड्या घातल्या आणि पंचांगाखाली ठेवून दिली. त्यांच्या पगारातून दोन वर्षं कपात झाली आणि शेजाऱ्याकडे ते पैसे मागणं त्यांना कधीच जमलं नाही. कायद्याने त्यांना तो हक्क होता. आपल्या 1872 च्या करार कायद्यात जामीनदाराने भरलेले पैसे मूळ कर्जदाराकडून वसूल करायची तरतूद आहे. पण शेजार मोडवेना.

अमेरिकेतल्या जामीनदार कंपनीला शेजार नसतो. तिने भरलेला पैन् पै ती मुलाकडून वसूल करणार, आणि तसं ती सुरुवातीलाच लिहून घेते. त्या कागदावर पुष्कळदा बायकोचीही सही मागतात. सूनबाईंनी तो कागद शांतपणे वाचल्याशिवाय सही करू नये, हे माझ्या नावाने सांगा. मुलाला हा बाँड विम्यासारखा वाटत असेल तर ती समजूत आजच काढून टाकायला हवी. हप्ता मुलाने भरायचा आणि संरक्षण मिळायचं गिऱ्हाइकाला, अशी ही व्यवस्था आहे. स्वतःच्या संरक्षणासाठी लायबिलिटी विमा, म्हणजे आपल्या कामातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा, वेगळा घ्यावा लागतो.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते त्याच्याच धंद्यातलं उदाहरण घेऊन सांगतो. समजा, त्याने एका घरी वरच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या फरशा बसवल्या. शॉवरखालचं वॉटरप्रूफिंग घाईत झालं, कोपऱ्यात पट्टी नीट चिकटली नाही. चार महिन्यांनी खालच्या दिवाणखान्याच्या छताला पिवळट डाग पडला, मग थेंब पडायला लागले. घरमालकिणीने फोन केले, याने दुसऱ्या कामाच्या गडबडीत उचलले नाहीत. मग तिने बोर्डाकडे तक्रार केली आणि जामीनदार कंपनीकडे दावा लावला. कंपनी मुलाला पत्र पाठवून त्याचं म्हणणं मागवते. याने उत्तर दिलं नाही तर तिच्यासमोर एकच बाजू उरते. दावा खरा ठरला की ती पैसे देते आणि मुलाकडे मागते. त्याने ते फेडले नाहीत तर लायसन्स निलंबित होतं. शिवाय एकदा दावा निघाला की पुढच्या वेळी जामीन राहायला कंपन्या नाखूश असतात. दादा, यात खरी चूक फोन न उचलण्याची आहे. फरशी पुन्हा उखडून बसवायला दोन दिवस गेले असते.

आणखी एक सवय त्याला इथेच सोडावी लागेल. आपल्याकडे काम ठरलं की निम्मे पैसे आगाऊ मागतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. कॅलिफोर्नियात घरदुरुस्तीच्या कामाला आगाऊ रक्कम 10 टक्के किंवा 1,000 डॉलर, यातली जी कमी असेल तेवढीच घेता येते. 12,000 डॉलरचं काम असलं तरी हातात 1,000 च. कायद्याचा हा भंग तक्रारीचं कारण होतो आणि नवीन माणूस यात हमखास सापडतो. मुलाला भांडवल लागणार ते इथे, पहिल्या दोन-तीन कामांचं सामान स्वतःच्या पैशाने आणायला. ते त्याने पगारातून साठवावं. साठत नसेल तर तुम्ही थोडी मदत करा, पण बाग विकून नव्हे.

मग त्याची अडचण कुठे आहे? मला तुमच्या पत्रात ती एका छोट्या वाक्यात दिसली: "पगार रोख मिळतो." लायसन्ससाठी गेल्या दहा वर्षांतला निदान चार वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, तोही पूर्ण तयार कारागिराच्या किंवा देखरेख करणाऱ्याच्या पातळीचा. नुसती हाताखालची मदत त्यात धरत नाहीत. ज्याने ते काम स्वतः पाहिलं आहे अशा माणसाने तसं लिहून, शपथेवर सही करून द्यायचं असतं. मालक, सहकारी कारागीर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, कुणीही चालतो. पण बोर्ड पुढे जाऊन पुरावा मागू शकतं: पगाराच्या पावत्या, वर्षअखेरचा डब्ल्यू-2 (मालकाने दिलेला पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला), करविवरण. रोख घेतलेल्या दीड वर्षाचा कागद त्याच्याकडे काय आहे? काहीच नसेल तर ते दीड वर्ष त्याच्या अंगात आहे, पण बोर्डासमोर ठेवता येणार नाही. पुढच्या पगारापासून चेकने पैसे आणि कापलेल्या कराची पावती, हे त्याने मालकाकडे मागावं. मालक नाही म्हणाला तर दुसरा मालक शोधावा. हे त्याला कठीण वाटेल, कारण परमुलखात पहिला आधार देणाऱ्या माणसाला दुखवणं जिवावर येतं. तरी हे त्याला करायलाच हवं.

पुण्यातली तीन वर्षं वाया गेलेली नाहीत. बाहेरच्या देशातला अनुभवही मांडता येतो, पण त्याच धंद्यातला आणि कागदाने सिद्ध होणारा हवा. टाइलच्या लायसन्सचा वर्ग सी-54 आहे, तेव्हा पुण्यात त्याने फरशीच्या कामावर काय देखरेख केली ते नेमकं लिहिलेलं पत्र लागेल. "सुपरवायझर होता, वागणूक चांगली" एवढ्याने भागणार नाही. शिक्षणाचीही काही सवलत मिळते, जास्तीत जास्त तीन वर्षांची, आणि निदान एक वर्ष हाताने केलेल्या कामाचं असावंच लागतं. भारतातल्या डिप्लोमाचं तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेकडून मूल्यमापन करून घ्यावं लागतं आणि त्यातून किती पदरात पडेल ते बोर्ड ठरवतं. त्याच्या भरवशावर राहू नका, मिळालं तर वरकड समजा.

अर्जाची फी 450 डॉलर आहे, एकट्याच्या मालकीच्या धंद्याला पहिल्या लायसन्सचे 200. दोन परीक्षा असतात, एक कायदा आणि धंद्याची, दुसरी कामाची. पोरगा हुशार दिसतो, त्या होतील. बोटांचे ठसे द्यावे लागतात. बाँड येतो तो या सगळ्यानंतर, लायसन्स हातात पडायच्या आधी. त्यावरचं धंद्याचं नाव बोर्डाच्या नोंदीशी अक्षरशः जुळलं पाहिजे, नाहीतर तो परत येतो. आणि बाँड मध्ये खंडित झाला की लायसन्स आपोआप निलंबित होतं, म्हणून हप्त्याची तारीख सूनबाईंच्या फोनवरही टाकून ठेवायला सांगा.

एक सल्ला हौसेच्या विरोधात आहे. सुरुवातीलाच "एलएलसी", म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढू नका. नाव भारदस्त दिसतं, पण तिला नेहमीच्या बाँडशिवाय कामगारांसाठी 1,00,000 डॉलरचा दुसरा बाँड लागतो, वर लायबिलिटी विमा सक्तीचा. एकट्याच्या नावाने सुरू करावं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. त्या ओळखीच्या माणसाचं लायसन्स वापरू नका. आपल्याकडे दुसऱ्याच्या नोंदणीवर कामं घेणं गावोगाव चालतं, म्हणून तुम्हाला ते साधं वाटलं असेल. तिथे दुसऱ्याला आपलं लायसन्स वापरू देणाऱ्यावर कारवाई होते आणि वापरणारा विनालायसन्स ठरतो. पात्र माणूस नोकरीवर ठेवून त्याच्या आधारे लायसन्स काढायची रीतसर वाट आहे, पण त्या माणसाला आठवड्याला निदान 32 तास किंवा धंद्याच्या एकूण तासांच्या 80 टक्के, यातलं जे कमी ते, खरोखर काम करावं लागतं. त्याच्यासाठी 25,000 चा वेगळा बाँडही लागतो. महिन्याला पाकीट देऊन नाव वापरणं म्हणजे ही वाट नव्हे.

विनालायसन्स काम किती महाग पडतं ते मुलाला ठाऊक हवं. मजुरी आणि सामान धरून 1,000 डॉलरच्या आतलं काम लायसन्सशिवाय करता येतं, तेही त्याला बांधकाम परवाना लागत नसेल आणि मदतीला मजूर ठेवला नसेल तरच. 2025 च्या आधी ही मर्यादा 500 होती. त्याच्या वरचं काम केलं तर तो फौजदारी गुन्हा आहे. पहिल्या वेळेलाही सहा महिन्यांपर्यंत कैद आणि 5,000 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. बोर्डाची माणसं घरमालक बनून कोटेशन मागवतात आणि जागेवर पकडतात. शिवाय गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर विनालायसन्स माणसाला कोर्टात मागता येत नाहीत, उलट दिलेले पैसेही गिऱ्हाईक परत वसूल करू शकतं. ग्रीन कार्डवरच्या माणसाच्या नावावर गुन्हा नोंदला जाणं ही तर वेगळीच काळजी.

हे सगळं कॅलिफोर्नियाचं झालं. प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत. शेजारच्या कुणी सांगितलं की "टेक्सासात तर लायसन्सच लागत नाही", तर ते जनरल कॉन्ट्रॅक्टरपुरतं, म्हणजे अख्खं बांधकाम अंगावर घेणाऱ्यापुरतं, राज्य पातळीवर खरं आहे, पण त्याचा सॅन होजेत उपयोग नाही.

मधल्या काळात मुलाने पत कमवावी. बाँडचा हप्ता तिथल्या क्रेडिट स्कोअरवर ठरतो आणि तुमच्या सातबाऱ्याला त्यात काही किंमत नाही. एक साधं क्रेडिट कार्ड, दर महिन्याला पूर्ण बिल वेळेवर, दोन-तीन वर्षं. तोवर अनुभवाची वर्षंही भरत येतील. पुढे शाळा, रस्ते अशा सरकारी कामांकडे वळला तर प्रत्येक कामाचे बाँड वेगळे लागतात. कॅलिफोर्नियात 25,000 डॉलरच्या वरच्या सरकारी कामाला मजूर-पुरवठादारांचे पैसे सुरक्षित ठेवणारा बाँड सक्तीचा आहे. त्या वेळी आज जपलेली पत त्याच्या कामी येईल.

तुमच्या हातात इथे बसून करण्यासारखं एक काम आहे, आणि ते तुम्हीच करू शकता. पुण्याच्या त्या साइटवर जे इंजिनिअर मुलाच्या वर होते, त्यांना गाठा. ते नोकरी बदलतील, निवृत्त होतील, बिल्डरचं ऑफिस हलेल, मग हा धागा सापडणार नाही. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, कोणत्या इमारतीत, फरशीच्या कोणत्या कामावर मुलाने देखरेख केली, हाताखाली किती कारागीर होते, एवढं त्यांच्याकडून सही-शिक्क्यानिशी इंग्रजीत लिहून घ्या. मुलाच्या जुन्या पगाराच्या पावत्या, नेमणुकीचं पत्र, भविष्य निर्वाह निधीचा उतारा घरातल्या कपाटात असेल तर स्कॅन करून त्याला पाठवा. छाटणीच्या गडबडीत जमणार नसेल तर त्याआधीच एक दिवस काढून पुण्याला जाऊन या.