वाचकांचे प्रश्न : डिलन, वंडर की जोनी मिचेल?

प्रश्न : आमच्या गाणी ऐकण्याच्या कट्ट्यावर ‘उत्तर अमेरिकेतल्या लोकप्रिय संगीतात आज हयात असलेल्यांपैकी सर्वांत थोर कोण’ यावरून दर वेळी जुंपते आणि निकाल काही लागत नाही. हा वाद नीट कसा घालावा? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : एक जण शब्दांवर बोलत असतो, दुसरा गळ्यावर, तिसरा वाजवण्यावर; मग निकाल लागणार कसा? आधी खाती वेगळी करा. लिहिणे, चाल बांधणे, गाणे, वाजवणे आणि स्टुडिओत गाणे उभे करणे. ही खाती पहिले गाणे लावण्याआधी कागदावर आली पाहिजेत. नंतर ठरवायला बसलात तर जो तो आपल्या लाडक्याला सोयीचा निकष पुढे करणार, आणि पुण्यात तोही तावातावाने.

आमचे मत स्पष्ट आहे. शब्दांत बॉब डिलन (२०१६चे साहित्याचे नोबेल उगाच मिळालेले नाही), गिटारच्या स्वरमेळात जोनी मिचेल. पण सगळी खाती एकट्याने सांभाळणारा स्टीव्ही वंडर. १९७२चे ‘सुपरस्टिशन’ घ्या. सुरुवातीचे ड्रम्स त्याचे, त्यावर चढणारे क्लॅव्हिनेट त्याचे, मूग सिंथेसायझरवरचा बास त्याचा, गळा त्याचाच. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन तेवढे इतरांचे. क्लॅव्हिनेटला कळा पियानोसारख्या, पण आत तारा आणि इलेक्ट्रिक गिटारसारखे पिकअप, म्हणजे तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारे भाग. ते त्याने थरावर थर देऊन वाजवले आहे. पहिल्या काही सेकंदांत फक्त हाय-हॅटकडे (ड्रम्समधल्या झांजांच्या जोडीकडे) कान द्या : ठोके यंत्रासारखे एकसारखे पडत नाहीत, किंचित डुलतात. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

आता ऐकण्याची पद्धत. फोनच्या स्पीकरवर ऐकवू नका. त्यातून खालचे स्वर जवळजवळ येतच नाहीत, म्हणजे वंडरचा बास गायब आणि डिलनची गिटार-माउथऑर्गन शाबूत; निकाल तिथेच फिरतो. दोन स्पीकर हवेत. दुसरी अडचण आवाजाच्या पातळीची. एक-दोन डेसिबलने मोठे वाजणारे गाणे कानाला ‘जास्त चांगले’ वाटते, मोठे आहे हे मात्र लक्षात येत नाही. जुन्या रेकॉर्डच्या अनेक रीमास्टर (ध्वनी नव्याने सुधारून काढलेल्या) आवृत्त्या मूळापेक्षा मोठ्या आवाजात काढलेल्या असतात. म्हणून ॲपमधले व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन (सगळी गाणी सारख्या आवाजात वाजवणारी सोय) चालू करा, किंवा फोनवरच्या डेसिबल मीटरने बसायच्या जागेवर प्रत्येक गाणे ७५च्या आसपास आणून ठेवा.

मतदानात ‘तुमचा पहिला कोण’ एवढेच विचारू नका. समजा नऊ जण आहात. चौघांचा क्रम डिलन, वंडर, मिचेल. तिघांचा वंडर, मिचेल, डिलन. दोघांचा मिचेल, वंडर, डिलन. पहिली पसंती मोजली तर डिलन चार मतांनी जिंकतो, आणि पाच जणांनी त्याला तळाला टाकलेले असते! ३-२-१ असे गुण द्या : वंडर २१, डिलन १७, मिचेल १६.

प्रश्न : डिलनला गाता येत नाही, हे कुणी उघड का बोलत नाही? – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : साठ वर्षे लोक दुसरे काय बोलत आहेत? सवाईत तयार झालेला कान आधी सुराचा लगाव शोधतो. डिलनकडे शोधायची ती शब्दाची फेक. शब्द ठोक्याच्या आधी टाकायचा की मागे रेंगाळायचा, यात त्याची करामत आहे. १९६३चा ‘द फ्रीव्हीलिन बॉब डिलन’ आणि १९६९चा ‘नॅशव्हिल स्कायलाइन’ लागोपाठ ऐका. दुसऱ्यात आवाज इतका गोल आणि मऊ आहे की माणूस बदलला असे वाटावे. आधीचा खरखरीतपणा निवडलेला होता, हे तिथे कळते. अलीकडच्या मैफलींतला गळा मात्र खरोखरच झिजलेला आहे.

प्रश्न : जोनी मिचेलची गाणी कॉर्डच्या पुस्तकाप्रमाणे वाजवूनही तशी का वाजत नाहीत? – गिटार शिकणारी वाचक, औंध

उत्तर : कारण तिची गिटार नेहमीसारखी लावलेली नसते. नवव्या वर्षी झालेल्या पोलिओने डावा हात कमजोर झाला; अवघड पकडी टाळण्यासाठी ती तारा वेगळ्या लावू लागली, आणि त्यातून नेहमीच्या लावणीत सहज न सापडणारे स्वरमेळ हाती आले. ‘बिग यलो टॅक्सी’ ओपन ई-मध्ये आहे, म्हणजे तारा न दाबता नुसत्या छेडल्या तरी ई-चा कॉर्ड वाजतो : जाड तारेपासून ई, बी, ई, जी शार्प, बी, ई. यासाठी तीन तारा चढवाव्या लागतात. ताण वाढतो, जुनी तार तुटते. त्यापेक्षा उतरवा : सहावी आणि पहिली ई-वरून डी, तिसरी जी-वरून एफ शार्प, दुसरी बी-वरून ए. मग दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा, तेच स्वर मिळतात.

ट्यूनर ‘गिटार’ऐवजी ‘क्रोमॅटिक’वर ठेवा, नाहीतर एफ शार्प तो दाखवणारच नाही. तार हव्या त्या स्वराच्या थोडी खाली नेऊन मग वर आणा. नुसती उतरवत थांबलात तर पाच मिनिटांत पुन्हा ढळते. कॅपो लावल्यावर स्वर किंचित चढतात, तेव्हा पुन्हा तपासा. सहावी तार खरखरू लागली तर तुमचा संच बारीक आहे, ०.०१२ किंवा ०.०१३ इंचाचा घाला.

‘अ केस ऑफ यू’ (१९७१) गिटारवर जमत नाही म्हणून खचू नका. त्यात ती ॲपलाचियन डल्सिमर (मांडीवर ठेवून वाजवायचे तंतुवाद्य) वाजवते आहे, गिटार जेम्स टेलरची.

प्रश्न : यादीत ‘बीच बॉइज’चे ब्रायन विल्सन, संगीत निर्माते क्विन्सी जोन्स आणि गिटारवादक कार्लोस सांताना चालतील का? – एक वाचक, सहकारनगर

उत्तर : पहिले दोघे नाहीत. जोन्स नोव्हेंबर २०२४मध्ये गेले, विल्सन जून २०२५मध्ये. सांताना चालेल, नव्हे, हवाच. जन्म १९४७, मेक्सिकोतले ऑटलान. मेक्सिको उत्तर अमेरिकेतच येतो, हे निम्म्या याद्या विसरतात. कॅनडाचे नील यंग आणि मिचेल मात्र आपोआप ‘अमेरिकन’ धरले जातात. नावे वयस्कर आहेत, तेव्हा बैठकीच्या आदल्या दिवशी यादी एकदा तपासून घ्या.