कोडी बसवलं, पण चॅनेल कुठे आहेत?

इंटरनेटवरून टीव्ही पाहण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांचा रोख कोडी या प्लेअरवर आहे, त्यामुळे उत्तरंही मुख्यतः त्याला धरूनच दिली आहेत.

प्रश्न : अँड्रॉइड टीव्हीवर प्ले स्टोअरमधून कोडी घेतलं. उघडलं, तर ‘टीव्ही’ विभाग रिकामा. दोनदा काढून पुन्हा बसवलं, तरी तेच. आमचं काय चुकतंय? – एक वाचक, सातारा

काहीच चुकलेलं नाही. कोडी हा प्लेअर आहे, केबलवाला नव्हे. २००२ साली एक्सबॉक्ससाठी सुरू झालेल्या प्रकल्पातून तो वाढला, २०१४ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं, आणि आजही तो स्वतःसोबत एकही चॅनेल आणत नाही. चॅनेलची यादी आपण द्यायची असते. ती यादी वाचणारा जोडभाग (ॲड-ऑन) वेगळा बसवावा लागतो, आणि तेवढंच तुमच्याकडे राहिलं आहे.

वर डाव्या बाजूला दातेरी चाकाची खूण आहे, ती उघडा. ‘ॲड-ऑन्स’मध्ये ‘इन्स्टॉल फ्रॉम रिपॉझिटरी’, त्यात ‘पीव्हीआर क्लायंट्स’, आणि तिथे ‘पीव्हीआर आयपीटीव्ही सिंपल क्लायंट’ निवडून बसवा. मग त्याचंच ‘कॉन्फिगर’ बटण दाबा. आवृत्ती २० पासून इथे एकापेक्षा जास्त याद्या ठेवता येतात, म्हणून आधी नवीन कॉन्फिगरेशन जोडून त्याला नाव द्यावं लागतं. ‘जनरल’ या भागात यादी कुठे आहे ते सांगा: नेटवर असेल तर ‘रिमोट पाथ’, पेनड्राइव्हवर असेल तर ‘लोकल पाथ’. त्याखालच्या रकान्यात पत्ता भरा आणि ‘ओके’ करून बाहेर पडा. मिनिटभरात ‘टीव्ही’ विभागात नावं दिसू लागली पाहिजेत. नाही दिसली तर कोडी बंद करून पुन्हा उघडा.

तरीही विभाग रिकामाच राहिला, तर यादी तपासा. चॅनेलची यादी एम३यू नावाच्या फाइलमध्ये असते. ही साधी मजकुराची फाइल, संगणकावर नोटपॅडमध्ये उघडते. पहिल्या ओळीत हॅशच्या चिन्हापुढे ‘एक्स्ट-एम-३-यू’ हा शब्द रोमन कॅपिटल अक्षरांत हवा. त्यानंतर प्रत्येक चॅनेलच्या दोन ओळी. वरच्या ओळीत ‘एक्स्टिन्फ’ हा शब्द, उणे १, सरळ अवतरणचिन्हांत लोगोचा पत्ता आणि गटाचं नाव, आणि स्वल्पविरामानंतर चॅनेलचं नाव. खालच्या ओळीत प्रक्षेपणाचा पत्ता. उणे १ म्हणजे कार्यक्रमाची लांबी ठरलेली नाही, प्रक्षेपण थेट आहे.

दोन चुका फार होतात. यादी वर्डमध्ये लिहिली किंवा दुरुस्त केली की सरळ अवतरणचिन्हं आपोआप वाकडी होतात. मग कोडीला लोगो आणि गट वाचता येत नाही. म्हणून यादीला नोटपॅडशिवाय कशाचाही हात लागू देऊ नका. दुसरी चूक म्हणजे यादी गुगल ड्राइव्हवर ठेवून तिची ‘शेअर’ची लिंक रकान्यात भरणं. त्या लिंकवर फाइल नसते, फाइल दाखवणारं वेबपान असतं. कोडी ते पान वाचायला जातं आणि त्याला एकही चॅनेल सापडत नाही. पेनड्राइव्ह वापरा, हा घोळच मिटेल.

आता यादी आणायची कुठून? तुमची ब्रॉडबँड कंपनी टीव्ही सेवा देत असेल आणि दुसऱ्या प्लेअरला परवानगी देत असेल, तर तिच्याकडे मागा. डॉइचे वेले, फ्रान्स २४, अल जझीरा अशा वाहिन्या आपलं थेट प्रक्षेपण नेटवर मोफत ठेवतात. मराठी मनोरंजन वाहिन्यांसाठी मात्र कोडीचा हट्ट धरू नका. झी मराठी झी५ वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, सोनी मराठी सोनीलिव्हवर आहे. त्यांची प्रक्षेपणं कुलूपबंद असतात, ती त्या-त्या ॲपमध्येच पाहावीत. दूरदर्शनसाठी प्रसारभारतीचं ‘वेव्ह्ज’ ॲप आहे. ते २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाला सुरू झालं, आणि त्यात दूरदर्शनच्या वाहिन्या थेट दिसतात. मराठी वृत्तवाहिन्यांपैकी बऱ्याच यूट्यूबवर अखंड चालू असतात. तिथल्या प्रक्षेपणाचा आतला पत्ता काढून यादीत घालायचा खटाटोप काहीजण करतात, पण तो काही तासांत बाद होतो. सरळ यूट्यूबच उघडा.

प्रश्न : टीव्हीला लावायच्या ॲमेझॉनच्या फायर स्टिकच्या स्टोअरमध्ये कोडी सापडत नाही. बाहेरून फाइल उतरवली, तर ‘ॲप नॉट इन्स्टॉल्ड’ असं येतं. – एक वाचक, नाशिक

तुम्ही ६४ बिटची फाइल घेतली असणार. स्टिकची चिप ६४ बिटची असली तरी बहुतेक स्टिकवरची प्रणाली ३२ बिटची असते. कोडीच्या अधिकृत संकेतस्थळावर अँड्रॉइडखाली ‘एआरएमव्ही७ए, ३२ बिट’ असं लिहिलेली फाइल घ्या. त्याआधी सेटिंग्जमध्ये ‘माय फायर टीव्ही’, त्यात ‘अबाउट’, आणि पहिल्या ओळीतल्या उपकरणाच्या नावावर मधलं बटण सात वेळा दाबा. मागे आलात की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उमटलेलं दिसेल. त्यात फाइल उतरवणाऱ्या ॲपला परवानगी द्या, आणि काम झाल्यावर ती परवानगी आठवणीने काढून घ्या.

नवी स्टिक घेणार असाल तर खोक्यावर नीट पाहा. २०२५ च्या अखेरीपासून ॲमेझॉनने काही मॉडेल वेगा या नव्या प्रणालीवर काढली आहेत. तिच्यावर अँड्रॉइडची फाइल बाहेरून बसत नाही, म्हणजे कोडीचा रस्ता बंद.

आणखी एक गोष्ट. स्टिक टीव्हीच्याच यूएसबी खाचेवर चालवत असाल तर ती थांबवा. अनेक टीव्हींची ती खाच अर्धा अँपिअरच देते. स्टिकला ५ व्होल्ट, १ अँपिअर लागतो. व्हिडिओ सुरू झाला की वीज कमी पडते आणि स्टिक अचानक पुन्हा सुरू होते. लोक ॲपला दोष देतात, पण दोष खाचेचा असतो. सोबत आलेला ॲडॉप्टरच भिंतीवर लावा.

प्रश्न : १०० एमबीपीएसचं कनेक्शन असूनही चित्र दर थोड्या वेळाने थांबतं आणि चकती फिरते. कॅशे वाढवून पाहिला, फरक नाही. – एक वाचक, पुणे

कॅशे म्हणजे पुढचा भाग आधीच ओढून ठेवायची जागा. तिने फरक पडणार नाही, आणि त्याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. थेट प्रक्षेपण तुकड्यातुकड्यांनी येतं. एचएलएस ही आज सर्वांत रुळलेली पद्धत. तिच्यात एक तुकडा साधारण ६ सेकंदांचा असतो, आणि प्लेअर निदान तीन तुकडे मागे राहून सुरुवात करतो. म्हणजे तुम्ही मुळात १८ सेकंद उशिराचं पाहत असता. (क्रिकेटच्या विकेटचा आरडाओरडा शेजारच्या डिशवाल्या घरातून आधी ऐकू येतो, तो यामुळेच.) चित्रपटाची फाइल पुढची दहा मिनिटं आधीच ओढून ठेवता येते. थेट प्रक्षेपणाचा पुढचा तुकडा अजून तयारच झालेला नसतो. मग कॅशे कितीही मोठा केलात तरी भरणार कशाने?

म्हणून आधी दोष कुठे आहे ते शोधा. मोबाइलवर व्हीएलसी हे प्लेअर ॲप घ्या. ‘मोअर’मध्ये ‘न्यू स्ट्रीम’ उघडून अडखळणाऱ्या चॅनेलचाच पत्ता त्यात टाका. आधी टीव्हीशेजारी बसून घरच्या वायफायवर चालवा, मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावर. दोन्हीकडे अडखळलं तर दोष पाठवणाऱ्या सर्व्हरचा. तुमच्या हातात काही नाही. वायफायवर अडखळलं आणि डेटावर सुरळीत चाललं तर दोष घरच्या जोडणीचा. दोन्हीकडे सुरळीत आणि टीव्हीवरच अडतंय, तर टीव्ही किंवा स्टिककडे पाहा.

फुल एचडी चॅनेलला ५ ते ८ एमबीपीएस पुरतात. १०० चा आकडा राउटरजवळचा आहे, काँक्रीटच्या दोन भिंतींपलीकडे तो किती उरतो ते टीव्हीवरच मोजा. राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावं दिसत असतील तर टीव्ही ५ वर जोडा. भिंती आड येत असतील आणि ५ चा सिग्नल दुबळा पडत असेल तर वायर ओढा. टीव्ही जागचा हलत नाही, त्याला वायर हा सर्वांत चांगला उपाय आहे. स्टिक टीव्हीच्या पाठीला चिकटलेली असेल तर सोबत आलेली एचडीएमआयची वीतभर वायर मध्ये लावा. टीव्हीचा धातू सिग्नल अडवतो, आणि लोक ती वायर खोक्यातच ठेवून देतात.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवणाऱ्यांनी हिशेब मांडावा: ५ एमबीपीएस म्हणजे तासाला सव्वादोन जीबी. रोजचा दीड जीबी ४० मिनिटांत संपेल.

चित्र अडखळत नाही, चॅनेल सुरूच होत नाही, अशी तक्रार असेल तर व्हीएलसी किंवा कोडीच्या नोंदीत त्रुटीचा आकडा पाहा. ४०४ म्हणजे तो पत्ताच उरलेला नाही. ४०३ म्हणजे पत्ता आहे, पण तुम्हाला मनाई आहे: लिंकची मुदत संपली असेल, किंवा तुमच्या देशासाठी ते प्रक्षेपण बंद असेल.

प्रश्न : कार्यक्रमांचं वेळापत्रक जुळत नाही. आमच्याकडे सकाळी ९ ला लागणारं मराठी बातमीपत्र गाइडमध्ये दुपारी अडीचला दिसतं. – एक वाचक, टोरांटो

फरक बरोबर साडेपाच तासांचा आहे, त्यावरूनच कारण कळतं. वेळापत्रकाच्या एक्सएमएलटीव्ही फाइलमध्ये वेळ अशी लिहिलेली असते: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटं, सेकंद सलग, मग एक जागा सोडून अधिक ०५३०. हा शेवटचा तुकडा सांगतो की वेळ भारतीय आहे. फाइल बनवणाऱ्याने तो लिहिला नाही की प्लेअर ती वेळ जागतिक प्रमाणवेळ समजतो. भारतातलं संध्याकाळी साडेसातचं बातमीपत्र तुमच्याकडे हिवाळ्यात सकाळी ९ ला लागतं. प्लेअर मात्र साडेसात ही जागतिक वेळ धरून त्याचे अडीच करतो.

सिंपल क्लायंटच्या ‘ईपीजी’ (म्हणजे वेळापत्रकाच्या) भागात ‘टाइम शिफ्ट’ उणे ५.५ करा. तुम्ही टोरांटोत असा की ठाण्यात, आकडा हाच, कारण स्थानिक वेळेचं रूपांतर प्लेअर नंतर स्वतः करतो. एखाद-दुसऱ्या चॅनेलचीच वेळ चुकत असेल तर सगळ्यांना हलवू नका, यादीत त्या चॅनेलच्या ओळीत ‘टीव्हीजी-शिफ्ट’ लिहा. बदल केल्यावर ‘पीव्हीआर अँड लाइव्ह टीव्ही’च्या सेटिंगमधून जुना डेटा पुसा, नाहीतर जुनं वेळापत्रकच दिसत राहील.

प्रश्न : चित्र स्वच्छ आहे, पण बातम्यांची खालची पट्टी सरकताना थरथरते. डोळे दुखतात. टीव्ही खराब आहे का? – एक वाचक, कोल्हापूर

नाही. भारतातलं प्रक्षेपण सेकंदाला २५ चित्रांच्या हिशेबाने चालतं, आणि बाहेरची स्टिक किंवा खोका पडद्याला बहुधा सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवतो. ६० ला २५ ने पूर्ण भाग जात नाही. मग एक चित्र दोनदा दाखवलं जातं, पुढचं तीनदा, परत दोनदा. माणसं बोलताना हे जाणवत नाही. एकसारख्या वेगाने सरकणाऱ्या अक्षरांत मात्र प्रत्येक हिसका दिसतो.

कोडीच्या सेटिंग्जमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात पातळी ‘एक्सपर्ट’ करा. ‘प्लेअर’मध्ये ‘व्हिडिओज’ उघडून ‘ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ला ‘ऑन स्टार्ट/स्टॉप’ निवडा. आता चॅनेल सुरू होताना पडदा क्षणभर काळा होईल आणि ५० हर्ट्झवर जाईल. उपकरणाने ऐकलं नाही तर त्याच्याच डिस्प्ले सेटिंगमध्ये हाताने ५० करा. पट्टीच्या अक्षरांना कंगव्यासारखे दात दिसत असतील तर तो वेगळा दोष. चॅनेल चालू असताना व्हिडिओ सेटिंग्जमधून ‘डीइंटरलेस’ सुरू करा.

प्रश्न : यादीतली मराठी नावं चौकोन-चौकोन दिसतात. – एक वाचक, मडगाव

‘इंटरफेस’मध्ये ‘स्किन’, त्यात ‘फॉन्ट्स’ला ‘एरियल बेस्ड’ निवडा. चौकोनांऐवजी अनोळखी रोमन चिन्हांची रांग दिसत असेल तर फाइल नोटपॅडमधून ‘यूटीएफ-८’ निवडून पुन्हा जतन करा.

प्रश्न : एकजण वर्षाला हजार रुपयांत हजारो चॅनेल देतो. सर्व्हरचा पत्ता, नाव आणि पासवर्ड पाठवतो. घ्यावं का? – एक वाचक, नागपूर

घेऊ नका. इतक्या वाहिन्यांचे हक्क त्या किमतीत कुणालाच मिळत नाहीत, हा चोरीचा माल आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्याला आणि त्याला मदत करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. पैसे एखाद्याच्या खासगी यूपीआयवर जातात, पावती नसते, आणि सर्व्हर एका रात्रीत बंद पडतो. सप्टेंबर २०१९ मध्ये इटलीच्या पोलिसांनी अशा चोरट्या सेवा जिच्यावर चालत त्या एक्स्ट्रीम कोड्स या यंत्रणेवर छापा घातला, तेव्हा अनेक देशांतले असे पडदे एकाच दिवशी काळे झाले. आधीच असा पासवर्ड घेतला असेल आणि तोच ईमेलला किंवा बँकेला वापरत असाल, तर आज बदला.

‘सगळं आत भरलेला’ अनामिक अँड्रॉइड खोका तर दारातही घेऊ नका. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने बॅडबॉक्स २.० या बाधित उपकरणांच्या जाळ्याबद्दल इशारा दिला. अशा खोक्यांत कारखान्यातच किंवा पहिल्या जोडणीच्या वेळी घातक सॉफ्टवेअर घुसवलेलं आढळलं होतं, आणि तुमच्याच वायफायचा पत्ता वापरून इतरांचे गुन्हे त्यातून चालत होते.

प्रश्न : गावी आईवडिलांना सह्याद्री आणि बातम्या एवढंच हवंय. नेट कधी असतं, कधी नसतं. कोडी लावून देऊ का? – एक वाचक, चिपळूण

नको. त्यांना डीडी फ्री डिश लावून द्या. डिश आणि सेट-टॉप बॉक्सचा एकदाच खर्च, दरमहा भाडं नाही, आणि रिमोटवर नंबर दाबला की चॅनेल लागतो. डिश ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे वळवावी लागते, म्हणून बसवताना समोर माडाच्या झावळ्या येणार नाहीत अशी जागा निवडा. आज मोकळी दिसणारी जागा दोन पावसाळ्यांत झाकली जाते.